पंचक्रोशीच्या भूविज्ञानाला पदक कशाला?

विज्ञानसंस्थांत एक समज इतका मुरला आहे की तो उघड बोलून दाखवायचीही कोणाला गरज वाटत नाही. एखाद्या प्रांताच्या किंवा खोऱ्याच्या भूविज्ञानात हयात घालवणाऱ्याला दिलेले पदक म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस. खरा मान साऱ्या पृथ्वीचे नियम सांगणाऱ्याचा. यॉर्कशायर भूवैज्ञानिक संस्था १८३७ पासून चालू आहे आणि जॉन फिलिप्स व हेन्री सॉर्बी यांच्या नावांची पदके देते. अशा पदकांची नोंद माहितीपत्रकात शेवटून दुसऱ्या ओळीत होते.

पूर्वपक्ष कमजोर करून मांडण्यात हशील नाही, म्हणून त्याची सर्वांत भक्कम कोटीच घेऊ. ‘पुण्याचे रसायनशास्त्र’ असे काही नसते; मग भूविज्ञानातच जागेचे एवढे कौतुक का? नियम सार्वत्रिक असतो. जागा हे नुसते उदाहरण. हे नाही तर ते.

‘हे नाही तर ते’ इथेच ही कोटी घसरते.

दक्षिण स्कॉटलंडमध्ये मॉफॅट गावाजवळ डॉब्स लिन नावाची एक घळ आहे. चार्ल्स लॅपवर्थ हा गॅलशील्सचा शाळामास्तर सुट्ट्यांत तिथे जाई. सरकारी सर्वेक्षणाच्या लेखी या डोंगररांगांतले खडक म्हणजे एकावर एक रचलेली हजारो फुटांची चळत. लॅपवर्थने काळ्या शेलचे पापुद्रे सोडवून त्यांतले ग्रॅप्टोलाइट गोळा केले. हे वसाहती करून राहणारे समुद्री जीव. शेलची चीप उचकटली की आत करवतीच्या पात्यासारखी बारीक दातेरी रेघ दिसते. कोणत्या पापुद्र्यात कोणती जात, याची त्याने इंचाइंचाने नोंद ठेवली. तेव्हा कळले की चळत मुळात शंभरेक मीटरच्या आसपासची. तीच घड्या पडून, कुठे उलटी होऊन, पुन्हा पुन्हा वर आली होती. मॉफॅटवरचा त्याचा निबंध १८७८चा. पुढच्याच वर्षी त्याने कँब्रियन आणि सिल्युरियन यांच्या मध्ये ‘ऑर्डोव्हिशियन’ कालखंड सुचवला. ज्या थरांवरून कँब्रियनवाला सेजविक आणि सिल्युरियनवाला मर्चिसन वर्षानुवर्षे भांडले, ते त्याने दोघांच्याही हातून काढून घेतले! सर्वेक्षणाने १८९९च्या ग्रंथात मास्तरांचा थरक्रम मानला. ग्रंथाच्या नावात मात्र ‘सिल्युरियन’ तेवढे ठेवले. सरकारी खाती हार मानतात ती अशी. त्याच वर्षी लॅपवर्थला लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे वोलॅस्टन पदक मिळाले.

१९८०च्या दशकाच्या मध्याला ऑर्डोव्हिशियन संपून सिल्युरियन सुरू होण्याची जागतिक सीमा याच घळीत ठरली: बर्कहिल शेलच्या तळापासून १.६ मीटर वर. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या क्षणाची व्याख्या म्हणजे ही जागा. चीनमधला किंवा बोहेमियातला थर या सीमेच्या वरचा की खालचा, हे ठरवायचे तर शेवटी या घळीशी ताडून पाहावे लागते.

या निवडीवर टीका झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती. इथे ग्रॅप्टोलाइट भरपूर, पण शंखशिंपल्यांचे जीवाश्म तुटपुंजे. पण टीकाकारांनी पुढे काय केले? कॅनडातले अँटिकोस्टी बेट. म्हणजे एका जागेविरुद्ध दुसरी जागा. नुसता सिद्धान्त पुढे करून सीमा ठरवा, असे त्यांच्यातही कोणी म्हणाले नाही.

आपल्या सह्याद्रीतही हेच घडते आहे. डायनोसॉर संपले ते उल्कापाताने की दख्खनच्या लाव्ह्याने, हा वाद जगाचा. त्याचे शब्द मात्र लाव्ह्याच्या थरसमूहांची इथली नावे: नेरळ, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. घाटात उभे राहून पाहिले तर बेसॉल्टचा एक थर दुसऱ्यासारखाच काळा. घाटरस्त्यांच्या कडेने थराथराचे नमुने काढून, त्यांची रासायनिक ओळख पटवून १९८०च्या दशकात हा क्रम लावला गेला. २०१९ साली ‘सायन्स’मध्ये दोन गटांचे कालमापन एकाच वेळी छापून आले आणि त्यांचे जुळले नाही. एका गटाने लाव्ह्यांच्या मधल्या तांबड्या थरांतल्या झिरकॉनवरून पोलादपूरचा मोठा उद्रेक उल्काघाताच्या आधी टाकला. दुसऱ्याने बेसॉल्टचेच वय काढून डायनोसॉर संपल्याची सीमा बुशे आणि पोलादपूर यांच्या सांध्याशी आणली, म्हणजे पोलादपूर आघातानंतरचे. यात बरोबर कोण ते ठरायचे तेव्हा ठरो. भांडायला दोघांनी नकाशा एकच वापरला, आणि तो ‘प्रादेशिक’ कामातून आलेला आहे. सिद्धान्तांचा निकाल बदलला तरी हा क्रम सहसा कामातून जात नाही. मग बक्षीस देताना कमी टिकाऊ वस्तूला जास्त मान, हा कुठला हिशेब?

अशा पदकांवरचा आणखी एक आक्षेप उरला, ‘सेवे’चा. सेवेबद्दलचे पदक म्हणजे वयाचा मान, असा टोमणा असतो, आणि अनेकदा तो खराही असतो. वर्षानुवर्षे खुर्ची उबवल्याबद्दल शाल-श्रीफळ देण्याची रीत एकट्या विलायतेची नाही. पण म्हणून सेवा आणि संशोधन ही दोन वेगळी माणसे ठरत नाहीत. ज्याच्या नावाचे पदक यॉर्कशायरची संस्था देते, तो फिलिप्स इंग्लंडचा भूनकाशा करणाऱ्या विल्यम स्मिथचा भाचा. यॉर्कच्या संग्रहालयात तो नमुने राखत होता, ब्रिटिश असोसिएशनचा पत्रव्यवहार आणि अधिवेशने सांभाळत होता, यॉर्कशायरच्या खडकांवर ग्रंथ लिहीत होता. १८४०-४१ च्या सुमारास जीवाश्मांच्या मोठ्या उलथापालथी पाहून त्याने पृथ्वीच्या जीवसृष्टीचा इतिहास पुराजीव, मध्यजीव आणि नवजीव अशा तीन महाकल्पांत मांडला. त्यांतली शेवटची दोन नावे त्याचीच. ज्या सिद्धान्तवाल्यांना प्रांतातले पदक धाकटे वाटते, ते आपल्या प्रत्येक आलेखाच्या कडेला हीच नावे लिहितात.