'जॉबर' : एका शब्दाचे तीन संसार

भिवंडीच्या नारपोली भागात यंत्रमाग अडला, की 'जॉबरला बोलवा' अशी हाक उठते. हाक देणारा मराठी असो, उर्दू बोलणारा असो वा तेलुगू, शब्द तोच. येथे जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालता करणारा जाणता कारागीर. या शब्दाचा प्रवास मोठा उद्बोधक आहे.

मूळ इंग्रजीत 'जॉब' हा प्रतिष्ठित शब्द नव्हता. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात त्याला हलका शब्द ठरविले. लंडनच्या शेअरबाजारातील सटोडियांना लोक तिरस्काराने 'जॉबर' म्हणत. सट्ट्याचा हा अर्थ घेऊन शब्द नॉर्वेत पोहोचला. पहिल्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या त्या देशात जहाज कंपन्यांच्या समभागांवर सट्टा खेळून कित्येक जण धनाढ्य झाले. तो काळ तेथे 'योब्बेतीद', म्हणजे सट्ट्याचा काळ, म्हणून ओळखला जातो. पुढे मात्र 'योब' हा नॉर्वेत आणि स्वीडनमध्ये नोकरीसाठीचा रोजचा शब्द झाला.

मुंबईत त्याने वेगळाच संसार थाटला. १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांचा विस्तार होत गेला. तेथील जॉबरकडे दोन कामे असत : माणसे भरणे आणि यंत्रे चालती ठेवणे. कोकणातून वा घाटावरून आलेल्या माणसाची भाकरी त्याच्या मर्जीवर अवलंबून असे. त्यासाठी दस्तुरीही मोजावी लागे. स्त्रियांवर देखरेख करणारीला मात्र 'नायकीण' हे देशी नाव मिळाले. जॉबरच्या हातून नोकरभरतीचा अधिकार काढून घ्यावा, अशी शिफारस व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कापडाचे बरेचसे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. नारपोलीच्या जॉबरपाशी आज मुख्यतः यंत्राचे काम उरले आहे. शब्दातला धाक ओसरला, कसब टिकले.

परकीय शब्द दिसला, की आपण त्याला मराठी प्रतिशब्द शोधू लागतो. तो शोध गैर नाही. परंतु शब्द कोणाच्या तोंडून आणि कोणत्या कामासाठी आला, हेही विचारायला हवे. 'पर्यवेक्षक' हा शब्द निर्दोष आहे. पण गिरणीच्या दारात जॉबरच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलेला माणूस त्यात कोठेच दिसत नाही.