मेघतळाची मोजणी

आकाशातील ढग किती उंचावर आहे, हा प्रश्न सपाट प्रदेशातील माणसास क्वचितच पडतो. ढग वर आहे आणि आपण खाली आहोत, एवढे त्यास पुरते. डोंगराळ मुलखात मात्र हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो. दरीतील गावास जो ढग म्हणून दिसतो, तोच वरच्या वाडीस धुके म्हणून भेटतो. ढगाचा तळ, म्हणजेच मेघतळ, नेमका कोठे आहे हे ठरविण्याचे साधन पुष्कळ काळपर्यंत डोंगर हेच होते. ज्या कड्याशी ढग टेकला त्या कड्याची उंची ठाऊक असली की काम भागत असे.

ढगाची भेट घ्यावयाची तर डोंगर चढावयाचा, हा मार्ग शास्त्रज्ञांनीही पत्करला. १८८१ साली जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत क्लेमेंट रॅग नावाचा निरीक्षक स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या सुमारे १३४५ मीटर उंचीच्या शिखरावर दररोज चढून जात असे, आणि त्याच वेळी त्याची पत्नी पायथ्याशी, समुद्रसपाटीजवळ, नोंदी घेत असे. कीर्ती मात्र एकट्या रॅगच्या वाट्यास आली! पुढे १८८३ मध्ये त्या शिखरावर कायमची वेधशाळा उभी राहिली व ती १९०४ पर्यंत चालली. याच ठिकाणी १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन याने ढगांवर पडलेली सूर्यप्रकाशाची रंगीत वलये पाहिली आणि ती प्रयोगशाळेत निर्माण करण्याच्या नादात त्याच्या हातून मेघपेटीचा शोध लागला.

विमाने उडू लागल्यावर ही निवांत पद्धत अपुरी पडू लागली. वैमानिकास मेघतळाचा आकडा तत्काळ हवा असतो. त्यासाठी दिवसा फुगा सोडीत. मिनिटास १५० मीटर चढणारा फुगा चौथ्या मिनिटाअखेर दिसेनासा झाला, तर मेघतळ ६०० मीटरांवर आहे असे समजावयाचे. रात्री प्रखर दिव्याचा झोत सरळ वर टाकीत. ढगावर उमटलेल्या प्रकाशाच्या ठिपक्याचा कोन ठरावीक अंतरावरून मोजला म्हणजे शाळेतील त्रिकोणमितीने उंची निघे. मैदानातील विमानतळावर हे सारे ठीक होते. परंतु जेथे चारशे पावले सपाट जमीन मिळणे कठीण, तेथे झोताची मोजणी करावयाची कोठे?

शिवाय विमानतळावरचा मेघतळ विमानतळापुरताच खरा असतो. जुलै १९६२ मध्ये एका रात्री मुंबईकडे येणारे इटालियन विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ जण मृत्युमुखी पडले. वैमानिकाचा आपल्या स्थानाविषयी चुकीचा समज झाला व विमान वेळेपूर्वी खाली उतरविले गेले, असे चौकशीत आढळले. मेघतळ ठाऊक असता तर हा अपघात टळला असता, असे म्हणणे रास्त होणार नाही. परंतु ढगाखालची मोकळी हवा डोंगराच्या अंगाशी येऊन संपते, ही गोष्ट अशा वेळी लक्षात येते.

यावरचा उपाय प्रकाशानेच दिला. प्रकाशाचा अगदी अल्पकाळ टिकणारा स्पंद वर सोडावयाचा आणि ढगावर आपटून तो परत येण्यास किती वेळ लागला हे मोजावयाचे. १९३८ च्या सुमारास फ्रान्समध्ये ब्युरो याने असे स्पंद मेघतळासाठी योजिले होते. या विद्येस ‘लायडार’ हे नावही १९५३ मध्येच मिडलटन व स्पिलहाउस यांच्या ग्रंथात मिळाले. उणीव होती ती योग्य दिव्याची. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला आणि तीनच वर्षांत हवेचा वेध घेण्याच्या कामी लेसर वापरात आला. १५०० मीटरांवरील ढगापर्यंत जाऊन परतण्यास प्रकाशास सेकंदाचा एक लक्षांश भाग लागतो. एवढा काळ मोजणारी विद्युत्साधने आणि अर्धवाहकाचे लहान लेसर हाती आल्यावर ‘सीलोमीटर’ हे यंत्र एका माणसाच्या उंचीच्या पेटीत मावू लागले. त्यास दूरचा निरीक्षक लागत नाही, सपाट पटांगणही लागत नाही. डोंगराच्या दृष्टीने खरी सोय हीच.

हिमालयाच्या मध्यभागात हे काम नैनितालच्या मनोरा शिखरावर झाले, यात एक गंमत आहे. तेथील वेधशाळा १९५४ साली वाराणसीस स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी नैनितालास गेली, ती ताऱ्यांसाठी स्वच्छ आकाश हवे म्हणून. १९६१ मध्ये ती मनोरा शिखरावर स्थिर झाली व २००४ पासून आर्यभट्टाच्या नावाची राष्ट्रीय संस्था बनली. ज्या ढगांना ज्योतिषी वैतागत, तेच ढग मोजण्यासाठी जून २०११ ते मार्च २०१२ या काळात तेथे यंत्रे मांडली गेली. गंगेच्या खोऱ्यातील हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचा अभ्यास हा या भारतीय-अमेरिकन मोहिमेचा मुख्य हेतू होता. मेघतळाची नोंद हा तिचा एक भाग.

नैनितालास पावसाची गोष्ट नुसत्या कुतूहलाची नाही. १८ सप्टेंबर १८८० रोजी अतिवृष्टीनंतर शेर-का-दांडा या टेकडीचा उतार कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. सकाळच्या लहान दरडीखालच्यांना काढण्यास धावून गेलेलेही दुपारच्या मोठ्या दरडीत सापडले. असा पाऊस कोणत्या ढगातून येतो, उंच गडगडाटी मेघांतून की डोंगरास चिकटून राहिलेल्या थरांतून, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते.

२०११ च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मनोरा शिखरावर १०३५.८ मिलिमीटर पाऊस पडला. सर्वांत खालचा मेघतळ जमिनीपासून अवघ्या ३१ मीटरांपासून ७.६ किलोमीटरांपर्यंत हलत राहिला. त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, सुमारे ७० टक्के पाऊस मेघतळ दोन किलोमीटरांच्या आत असतानाच पडला. म्हणजे तेथील पावसाचा मोठा वाटा सखल, थरांच्या ढगांचा होता. उपग्रह वरून पाहतो, त्यास ढगाचा माथा दिसतो. असा सखल तळ खालूनच मोजावा लागतो.

‘जमिनीपासून’ हा शब्द डोंगरात जपून वाचला पाहिजे. मनोरा शिखर समुद्रसपाटीपासून १९५८ मीटरांवर आहे. तेथे ३०० मीटरांवर दिसणारा मेघतळ सरळ पसरलेला असेल, तर काठगोदामच्या प्रवाशास तो सुमारे १७०० मीटर उंच आकाशात दिसेल आणि जवळच्याच नैना शिखरावर चढलेला माणूस त्याच ढगात पुरता बुडालेला असेल. आकडा एकच, पण तो कोणत्या पायरीवरून मोजला हे न सांगितल्यास निरुपयोगी.

७.६ किलोमीटर या आकड्याचेही तसेच. अशा यंत्रांची पोच २५,००० फूट, म्हणजे जवळजवळ तेवढीच असते. त्यापलीकडचे ढग त्या यंत्राच्या लेखी नाहीतच. दाट ढगात किरण लवकर विझतो आणि वरचे थर झाकलेले राहतात. जोराच्या पावसात थेंबच किरण परतवू लागतात व तळाची रेषा पुसट होते. आणि ढग प्रत्यक्ष यंत्रावरच उतरला म्हणजे तळ उरत नाही. मग यंत्र उभ्या दिशेने किती दूर दिसते एवढेच सांगते.

ढगाने खाली येऊन जमिनीस टेकावे, ही ज्या अभ्यासाची सोय ठरते, तो सह्याद्रीत चालतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरास ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उघडली. पावसाळ्यात तेथील ढग जमिनीलगत येतात आणि त्यांतील थेंब दारातच मोजता येतात.