मद्रासची काडी

काडेपेटीतल्या काड्या एकमेकींस चिकटवून देवालये, पूल आणि गलबते उभारण्याचा जो छंद आहे, त्याचे मूळ हौशी मंडळींच्या कौशल्यापेक्षा जकातखात्याच्या दप्तरात अधिक सापडते, असे म्हटल्यास कोणी रागावू नये. मद्रास इलाख्यात प्रतिकृतीची कला जुनीच. भोसल्यांची राजधानी तंजावर आणि शेजारची त्रिचनापल्ली येथे, आपल्याकडे ज्याची बाशिंगे करतात त्या भेंडात देवळांची गोपुरे कोरणारे कारागीर होते, आणि त्यांच्या कृती काचेच्या पेटीत बसून विलायतेस जात. परंतु भेंड कोरावे लागते, काडी रचावी लागते. आणि रचावयाची तर प्रत्येक काडी दुसरीसारखी हवी, जे यंत्रावाचून साधत नाही.

ते यंत्र आणले १९२२ सालच्या जकातीने. तिजोरी भरण्याच्या हेतूने सरकारने परदेशी काडेपेट्यांवर दर ग्रोसास, म्हणजे १४४ पेट्यांस, दीड रुपया बसविला. तेव्हा माल आणण्यापेक्षा कारखाने घालणे स्वीडिश भांडवलदारांस किफायतशीर वाटले, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजे ‘विमको’ने, ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथाप्रमाणेच मद्रासच्या उत्तरेस तिरुवोट्टियूर येथेही कारखाना उभारला. ओंडका फिरवीत त्याचा पातळ पापुद्रा सोलावयाचा, त्याच्या काड्या कापावयाच्या, विझल्यावर निखारा राहू नये म्हणून त्या औषधात भिजवावयाच्या, आणि ज्योत धरावी म्हणून टोक मेणात बुडवून मग गुल चढवावयाचा, असा तो क्रम. जळण्यास उपकारक असलेले हे मेण सरसाचा मात्र वैरी. म्हणून जाणता हौशी गुलासोबत मेणाचे टोकही छाटतो, आणि शिखराच्या वळणावर काड्यांची लांबी थराथराने घटवीत नेतो.

त्याच सुमारास शिवकाशीचे अय्या नाडार व षण्मुख नाडार कलकत्त्यास जाऊन हा धंदा शिकून आले. त्यांच्या गावी चौकटीत काड्या भरण्याचे काम हातांनी, पुष्कळदा मुलांच्या हातांनी, चाले. स्वस्ताईचा तो हिशेब छंदाच्या कौतुकात सहसा कोणी मांडीत नाही. विमकोचे नाव तिरुवोट्टियूरच्या ‘विमको नगर’ स्थानकास चिकटून राहिले. शिवकाशीकडून पुढे मेणकाडीही बाजारात आली. ती पेटते उत्तम, पण दाबताच वाकते व सरस मुळीच धरीत नाही, सबब प्रतिकृती करणारा दुकानदारापाशी लाकडी काडीचाच आग्रह धरतो.