कातळाखालचे आंधळे कीटक

कुपवाडच्या आसपास विहीर खणू लागलं की आधी माती, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. वरच्या मातीत, उसाच्या मुळांशी हुमणी सापडते. पांढरी, मऊ, उजेडात आणली की अंग आक्रसून घेणारी. ती पांढरी का, असं विचारलं तर सहज सुचणारं उत्तर म्हणजे, अंधारात राहते म्हणून. पण हीच हुमणी वळवाच्या पावसानंतर भुंगेरा होऊन बाभळीवर आणि कडुलिंबावर येते, तेव्हा ती तपकिरी असते आणि तिला चांगले डोळे असतात. वाळवीचंही तसंच. कामकरी वाळवी आंधळी असते, पण त्याच वारुळातून उडणाऱ्या पंखवाल्या भावंडांना डोळे असतात. डोळ्याचा आराखडा दोघींजवळ असतो, तो उघडायचा की मिटून ठेवायचा एवढाच फरक.

गुहेतल्या कीटकांचं कोडं याहून अवघड आहे. तिथे एखादी जातच्या जात पिढ्यानपिढ्या आंधळी आणि बिनरंगी निघते. मग आराखडा हरवला आहे की नुसता मिटलेला आहे? आणि हरवला असेल, तर तो अंधाराने पुसला का?

या वादाची सुरुवात आजच्या स्लोव्हेनियातल्या पोस्तोयना गुहेत झाली. १८३१ मध्ये तिथे दिवे लावण्याचं काम करणाऱ्या लुका चेच याला एक लहानसा, लांब पायांचा, बिनडोळ्यांचा भुंगा सापडला. पुढच्याच वर्षी फर्डिनांड श्मिट यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. केवळ गुहेतच राहणारा कीटक असतो, हे विज्ञानाला तेव्हा प्रथम कळलं. १८५९ मध्ये डार्विनसमोर हा प्रश्न आला, तेव्हा त्याने एरवी न दाखवलेला उतावळेपणा दाखवला असं मला वाटतं. डोळा निरुपयोगी झाला तरी तो अंधारातल्या प्राण्याला अपाय कसा करील, हे त्याला कळेना. म्हणून निवडीचं तत्त्व बाजूला ठेवून त्याने सगळं श्रेय ‘न वापरण्या’ला दिलं. अमेरिकेत अल्फियस पॅकार्ड यांनी १८८८ मध्ये गुहाप्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि तीच बाजू अधिक जोराने मांडली. जर्मनीत ऑगस्ट वाइसमान नेमकं उलट सांगत होते. बापाने डोळे वापरले नाहीत ही बातमी बीजापर्यंत पोचतच नाही. अंधारात एवढंच होतं, की अधू डोळ्यांची संतती गाळून टाकणारं कुणी उरत नाही. वाइसमान बरोबर होते, पण ते दाखवून द्यायला प्रयोग हवा होता.

तो प्रयोग जपानात झाला, आणि तो किती चिकाटीचा! १९५४ मध्ये क्योतो विद्यापीठात स्युइती मोरी यांनी फळमाश्या अंधारात पाळायला घेतल्या. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं आपण पाहतो, त्यांच्याच गोतातल्या या माश्या. मोरींनंतरही हा अंधार कुणी मोडला नाही. २०१२ मध्ये या माश्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तोवर सुमारे १,४०० पिढ्या उलटल्या होत्या. माणसाच्या हिशेबाने तीसेक हजार वर्षं तरी झाली. जनुकसंचात सुमारे २ लाख २० हजार ठिकाणी एकेका अक्षराचे फरक सापडले आणि प्रकाश टिपणाऱ्या एका जनुकात मधेच ‘थांबा’ची खूण पडलेली दिसली. डोळे मात्र जागच्या जागी होते. नुसत्या न वापरण्याने डोळे झिजत असते, तर १,४०० पिढ्यांत काहीतरी दिसायला हवं होतं.

मग रंग कसा जातो? याचं सर्वांत सुबक उत्तर एका तुडतुड्याने दिलं. भातावर पडणाऱ्या तपकिरी तुडतुड्याच्या लांबच्या नात्यातली एक आंधळी, फिकट जात हवाई बेटांवरच्या लाव्हाच्या बोगद्यांत राहते आणि छतातून लोंबणाऱ्या मुळांचा रस शोषते. तिचा एक भाऊबंद हजारो मैलांवर, क्रोएशियातल्या चुनखडीच्या गुहेत असतो. हेलेना बिलांजिया, विल्यम जेफ्री आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोघांना एल-डोपा हे द्रव्य देऊन पाहिलं. काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, टायरोसिनपासून टप्प्याटप्प्याने बनतो आणि एल-डोपा हा त्यातला पहिला टप्पा. तो बाहेरून पुरवताच दोन्ही किड्यांच्या अंगात काळा रंग तयार झाला! म्हणजे पुढचा सगळा कारखाना शाबूत होता, फक्त पहिलं दार बंद. एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन ठिकाणी नेमकं तेच दार बंद झालं. रंगात खर्च न झालेलं टायरोसिन शरीराला दुसऱ्या कामी येत असेल, असा त्यांचा तर्क आहे. तो खरा ठरला, तर इथे निवडीलाही वाव आहे आणि डार्विनने हा मार्ग फार लवकर सोडला असं म्हणावं लागेल.

पश्चिम ऑस्ट्रेलियात दुसरी वाट दिसते. तिथे जमिनीखालच्या चुनकंकराच्या थरांत, एकमेकांपासून तुटलेल्या पाणसाठ्यांत, आंधळ्या पाणभुंग्यांच्या शंभराच्या आसपास जाती सापडल्या आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या दृष्टीच्या जनुकांत मोडतोड आहे आणि ती प्रत्येक वंशात वेगळ्या जागी आहे. पहारा उठला की ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या पद्धतीने पडतं, तसं हे.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात १९२२ मध्ये झाली. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे स्टॅन्ली केम्प आणि बी. चोप्रा गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेत शिरले. त्यांना प्राणी भरपूर मिळाले, पण गुहेशीच कायमचे बांधलेले फार थोडे. पुढे एकेकाळी नागपूरकर भोसल्यांना टकोळी भरणाऱ्या बस्तरात, कोटमसरच्या चुनखडीच्या गुहेत एक लांब मिशांचा गुहारातकिडा सापडला. १९७७ मध्ये त्याचं नाव ठेवताना केम्प आणि गुहेचे अभ्यासक शंकर तिवारी या दोघांची आठवण राखली गेली: केम्पिओला शंकरी. त्याच गुहेतला फिकट मासा मात्र आपल्या ओळखीचा. त्याचे डोळस जातभाई सह्याद्रीच्या ओढ्यांत आहेत आणि फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये त्या जातीचं वर्णन केलं ते पुण्याच्या माशांवरून.

महाराष्ट्र या नकाशावर जवळजवळ कोरा आहे. दंडोबाच्या डोंगरातलं शिवाचं देऊळ असो की वेरूळ, आपल्या नावाजलेल्या गुहा माणसाने कोरलेल्या. चुनखडी थोडी, कातळच फार, मग गुहाजीव कुठून येणार, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. हवाईबद्दलही असंच बोललं जाई. १९७१ मध्ये फ्रान्सिस हॉवर्थ तिथल्या लाव्हाच्या बोगद्यात उतरले आणि गुहाबद्ध कीटक निघाले. हॉवर्थ यांनी पुढे दाखवलं, की या किड्यांचं खरं घर म्हणजे मोठी गुहा नव्हेच. ते खडकातल्या बोटभर भेगांत राहतात आणि गुहा ही आपल्याला आत डोकावायला मिळालेली खिडकी.

दख्खनचा कातळ हवाईच्या मानाने फार म्हातारा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पुष्कळ भेगा मातीने आणि खनिजांनी बुजल्या आहेत, त्यामुळे हवाईची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होणार नाही. पण आपल्या विहिरींना पाणी येतं ते उरलेल्या भेगांतूनच. केरळात कोट्टायमजवळ, जिथे चुनखडी नाही आणि जांभा आहे, तिथल्या विहिरींनी आंधळा मासा दिला. १९५० मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं होराग्लानिस कृष्णाय. जत, कवठेमहांकाळकडे एकेक बोअर खोल जातं आणि भेगांतलं पाणी खाली सरकतं, तशी ही खिडकीही बंद होत जाते. उघड्या विहिरी अजून आहेत. बारीक वीण असलेलं जाळं, एक दोर आणि काठावर बसायला काही रात्री, इतकंच सामान त्यासाठी लागतं.