केळव्याच्या वाळूतले तंबू : तळ, छावणी आणि १७३९ ची मोहीम

१/ केळव्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत, आज हौसेने तंबू ठोकले जातात. आफ्रिकेतील सफारी तळाचे अप्रूप आपल्याला असते. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपला ‘सफर’ एकाच अरबी धातूचे. पण याच परिसरात पावणेतीनशे वर्षांपूर्वी उभारलेल्या तंबूंची कथा निराळी आहे. 🧵

२/ पार्श्वभूमी अशी. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले आणि वसईची मोहीम सुरू झाली. वसईच्या उत्तरेस केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी किनाऱ्यालगत ओळीने उभी होती. समुद्रमार्गे त्यांना कुमक मिळे. माहीमवरील पहिला प्रयत्न फसला.

३/ १७३८ च्या हिवाळ्यात चिमाजी अप्पा स्वतः कोकणात उतरले. किल्ल्यातील शिबंदीच्या डोक्यावर दगडी छप्पर होते. वेढा घालणाऱ्यांच्या डोक्यावर मात्र कापड.

४/ हे कापडी नगर सांभाळणारे खाते म्हणजे फरासखाना, राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक. पुण्यातील फरासखाना चौकीचे नाव त्याचीच आठवण आहे. सरदारांसाठी डेरा, भोवती आडोशाला कनात. लहान तंबू ती राहुटी. सरदाराचा तळ तो ‘गोट’. ‘शत्रूच्या गोटात’ आपण आजही शिरतो!

५/ तळ तोफेच्या माऱ्याबाहेर ठेवावा लागे. किल्ल्याच्या दिशेने पुढे खणलेली, तोफा रोखलेली जागा म्हणजे ‘मोर्चा’. रात्री तळाभोवती फिरणारा पहारा तो ‘छबिना’. पुढे हाच शब्द देवाच्या पालखी-मिरवणुकीला मिळाला.

६/ खरी चिंता असे ती चारा-पाण्याची. पाणी पखालींतून येई. गवत-लाकूड आणायला रोज बाहेर पडणाऱ्या टोळीला ‘कही’ म्हणत. कही कापली गेली की घोडी उपाशी, आणि घोडी उपाशी म्हणजे फौज पांगळी. म्हणून शत्रूचा डोळा तंबूपेक्षा कहीवर अधिक.

७/ मग पावसाळ्यात काय? कोकणच्या पावसापुढे कापड टिकत नाही. ‘छावणी’ हा शब्द ‘छावणे’, म्हणजे शाकारणे, यावरून आला. पावसाळ्याचे चार महिने शाकारलेल्या छपराखाली काढायचे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा राहुटीत जायचे, असा हा ऋतुक्रम. केळवे-माहीमची निर्णायक चढाई जानेवारीत झाली, हे या दृष्टीने पाहावे. पाऊस परतण्याआधी हाती चारच महिने होते.

८/ जानेवारी १७३९. माहीम पडले, पाठोपाठ केळवे व शिरगाव. मग फौजेने तारापूरकडे मोर्चा वळवला. तेथे सुरुंग लावून तट फोडला गेला आणि हातघाईची लढाई झाली. पोर्तुगीजही शर्थीने लढले. किल्ला मिळाला, पण बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले.

९/ त्यांच्या मातोश्रींना चिमाजी अप्पांनी लिहिलेले सांत्वनाचे पत्र मराठी पत्रव्यवहारातील हृद्य पत्रांपैकी एक मानले जाते. विजयाच्या खलित्यांच्या जोडीने असे कागदही लिहावे लागत. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. पुढल्याच वर्षी, २८ एप्रिल १७४० रोजी, थोरले बाजीरावही नर्मदाकाठी रावेरखेडीच्या मुक्कामातच निवर्तले.

१०/ केळव्याचा भुईकोट आणि पाणकोट आजही पाहता येतात. वेढा घालणाऱ्यांचा तळ मात्र कुठेच दिसत नाही. कापड कुजले, खुंट्यांची भोके वाळूने भरली. गोट, मोर्चा, छबिना, छावणी हे शब्द तेवढे आपल्या तोंडी राहिले. पुढच्या वेळी केळव्यास तंबूत मुक्काम कराल, तेव्हा सकाळी भुईकोटापर्यंत अवश्य चालत जा आणि तटाकडे बाहेरच्या बाजूने पाहा. आत शिरू पाहणाऱ्यांना तो असाच दिसला असेल.