सति, स्मृती आणि भान

पाली भाषेत ‘सति’ असा एक लहानसा शब्द आहे. मराठी वाचकाला तो पाहून चितेवर जाणारी सती आठवेल, पण तिचा या शब्दाशी काही संबंध नाही. संस्कृतातली ‘स्मृती’ पालीत ‘सति’ झाली, इतकेच. बुद्धांनी सांगितलेल्या अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग म्हणजे ‘सम्मा सति’. मज्झिमनिकायातले दहावे सूत्र ‘सतिपट्ठान’ आणि एकशे अठरावे सूत्र ‘आनापानसति’ ही ध्यानावरची दोन प्रसिद्ध सूत्रे याच शब्दावर उभी आहेत. आज जगभर ‘माइंडफुलनेस’ या नावाने जे शिकवले जाते, त्याचेही मूळ इथेच आहे.

मी पालीचा पंडित नव्हे, कविता लिहिणारा माणूस आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला की ओळीचे काय होते, एवढे मला ठाऊक आहे. ध्यानाच्या ग्रंथात तर त्याहून अधिक घडते. तिथे वाचक वाचून थांबत नाही. तो डोळे मिटून बसतो आणि वाचलेले करू लागतो. त्यामुळे भाषांतरकाराने कोणता शब्द निवडला, यावर त्या माणसाची पुढच्या कित्येक वर्षांची साधना ठरते.

‘सति’चा मूळ अर्थ आठवण. हा अर्थ सूत्रांनीच दिलेला आहे. संयुत्तनिकायात सतीची व्याख्या करताना, पूर्वी केलेले आणि बोललेलेही जो आठवू शकतो तो सतिमान, असे म्हटले आहे. हे समजून घ्यायचे तर ही सूत्रे कशी टिकली ते पाहावे लागते. बुद्धांनी काही लिहिले नाही. भिक्षूंनी त्यांची वचने पाठ केली, समूहाने म्हटली आणि पुढच्या पिढीच्या कानावर घातली. सिंहली परंपरेनुसार ती प्रथम लिहिली गेली ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, श्रीलंकेतल्या अलुविहारात. म्हणजे काही शतके सगळे धर्मवाङ्मय माणसांच्या आठवणीतच होते. अशा लोकांच्या भाषेत ‘सति’ या शब्दातून आठवण वजा होणे शक्य नव्हते.

या सूत्रांत सतीला दिलेल्या उपमाही पाहण्यासारख्या आहेत. एके ठिकाणी सति ही सीमेवरच्या नगराची द्वारपाल आहे. तो अनोळखी माणसाला अडवतो आणि ओळखीच्याला आत सोडतो. आता नुसते डोळे उघडे ठेवून द्वारपालाचे काम होत नाही. कोण आपला आणि कोण परका, हे त्याच्या लक्षात असावे लागते. दुसरी उपमा तेलाच्या भांड्याची. समोर नाचगाणे चालले आहे, गर्दी लोटली आहे. त्या गर्दीतून एका माणसाला काठोकाठ भरलेले भांडे न्यायचे आहे. मागे तलवार उपसलेला माणूस. एक थेंब सांडला तर मान उडणार. इथेही लक्ष आहेच, पण त्या लक्षाच्या मुळाशी आपल्या हातात काय आहे याचा विसर न पडणे आहे.

हा शब्द भारताबाहेर गेला तेव्हा काय झाले? इसवी सन १४८ मध्ये अन शिगाओ नावाचा भिक्षू चीनमधल्या लोयांग नगरात आला. परंपरा सांगते की तो पार्थियाचा, म्हणजे आजच्या इराणकडचा राजपुत्र होता. आनापानसतीवरचा ग्रंथ त्याने चिनीत आणला. तिथे ‘सति’साठी त्याने जो शब्दप्रयोग केला, त्याचा अर्थ ‘मनाची राखण’ असा होतो. पुढे चिनीत ‘न्येन’ हा शब्द रूढ झाला. त्या चिन्हाच्या वरच्या भागाचा अर्थ ‘आता’ आणि खालच्या भागाचा ‘हृदय’ असा सांगता येतो. त्यावरून ‘न्येन म्हणजे वर्तमानातले मन’ अशी फोड आज अनेकजण करतात. ती मोहक आहे, पण शब्दाचा जुना वापर वेगळेच सांगतो. ‘न्येन’ म्हणजे आठवणे, मनात घोळवणे, मोठ्याने म्हणणे. बुद्धाच्या नामस्मरणालाही चिनीत हाच शब्द आहे. शब्दाची फोड आणि शब्दाचा अर्थ यांत गल्लत करू नये, हा धडा इथे मिळतो.

इंग्रजीतली गोष्ट याहून अलीकडची. टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स हे सिलोनमध्ये सनदी नोकरी केलेले विद्वान. १८८१ साली त्यांच्या भाषांतरांचा ‘बुद्धिस्ट सुत्तज्’ हा खंड निघाला आणि ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द रुळू लागला. त्यांची निवड चुकीची म्हणता येणार नाही. जुन्या इंग्रजीत ‘माइंडफुल’ म्हणजे आठवण ठेवणारा, विसर न पडू देणारा. पुढे अर्थ सरकला. जर्मनीत जन्मलेले न्यानपोनिक थेर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या कैदेत डेहराडूनच्या छावणीत होते. १९५४ साली त्यांचे सतिपट्ठानावरचे इंग्रजी पुस्तक आले. त्यात त्यांनी ‘निव्वळ अवधान’ ही कल्पना मांडली. त्यांच्या दृष्टीने ती साधनेची एक पायरी होती, सतीचा सगळा अर्थ नव्हे. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी आजारी माणसांसाठी वर्ग सुरू केले. तिथून ‘बरे-वाईट न ठरवता या क्षणाकडे पाहणे’ हा अर्थ जगभर पोचला. दुखण्याने गांजलेल्या कितीतरी लोकांना त्याने आराम दिला, हे मान्यच करायला हवे. पण द्वारपालाला ‘आत येणाऱ्याला बरा-वाईट ठरवू नकोस’ असे सांगितले तर नगराचे काय होईल?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. लष्करातल्या सैनिकांनाही आता माइंडफुलनेस शिकवतात. बंदुकीचा नेम धरणाऱ्याचे लक्ष कमालीचे स्थिर असते. ती ‘सम्मा सति’ म्हणायची का? सूत्रांत ‘मिच्छा सति’, म्हणजे चुकीची सति, असाही शब्द आहे. याचा अर्थ, नुसती सति असून भागत नाही; ती कशासाठी आहे हे पाहावे लागते. ‘सम्मा’ हे विशेषण उगाच लावलेले नाही.

एकच शब्द वेगळा वाचला की साधना कशी बदलते, याचे आणखी एक उदाहरण देतो. आनापानसतीत लांब श्वास आणि आखूड श्वास जाणल्यानंतर ‘सब्बकाय’, म्हणजे सर्व काया, अनुभवत श्वास घ्यायला सांगितले आहे. ही काया कोणती? पाचव्या शतकातले आचार्य बुद्धघोष ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात म्हणतात, श्वासाची काया. म्हणजे श्वासाचा आरंभ, मध्य आणि शेवट. ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आलेले आणि पुढे इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र उभारणारे सत्यनारायण गोएन्का यांनी मात्र या ठिकाणी संपूर्ण शरीराचा अनुभव सांगितला. शब्द तोच आहे. पण एकाचा साधक श्वासाशीच थांबतो आणि दुसऱ्याचा डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहतो. दोघांच्याही बाजूला परंपरा आहे.

अशा वेळी दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचणे, एवढाच उपाय उरतो. महाराष्ट्राला हे काम नवे नाही. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ करत ते सिलोनला पोचले आणि १९०२ साली तिथे त्यांनी दीक्षा घेतली. ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यासही केला. म्हणजे ग्रंथ आणि साधना या दोन्ही बाजू त्यांना माहीत होत्या. पुढे अमेरिकेत हार्वर्डला त्यांनी विसुद्धिमग्गाची संहिता सिद्ध केली. मूळ काम हाती घेणारे वॉरन १८९९ साली वारले होते. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० साली. तेव्हा कोसंबींना जाऊनही तीन वर्षे झाली होती.

१९१२ ते १९१८ या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट यांनी विसुद्धिमग्ग आणि फक्त चिनी भाषांतरात संपूर्ण उरलेला ‘विमुत्तिमग्ग’ यांची तुलना करणारा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध केला. दुसरे विद्यार्थी म्हणजे आपल्या सर्वांना हसवणाऱ्या चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी. ‘पटिसंभिदामग्ग’ या ग्रंथात आनापानसतीचे शब्दन् शब्द उलगडून दाखवणारे एक मोठे प्रकरण आहे. त्या ग्रंथावरची पाली टीका जोशींनी लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीसाठी संपादित केली. चिमणराव आणि गुंड्याभाऊंना जन्म देणारा हात हेही काम करत होता, हे फार थोड्यांना माहीत आहे.

मग मराठीत ‘सति’ला काय म्हणावे? माझ्या घरात ‘जिक्र’ हा शब्द रोजचा. अरबीत त्याचा अर्थ आठवण करणे आणि नाव घेणे, असा दोन्ही. वारकऱ्याच्या ‘नामस्मरणा’तही हेच दोन अर्थ एकत्र आहेत. त्यामुळे स्मरण ही साधना असू शकते, हे मराठी माणसाला पटवून द्यावे लागत नाही. पण इथेच भाषांतरकाराने जपले पाहिजे. जिक्रात आणि नामस्मरणात परमेश्वर आहे. सतिपट्ठानात काया आहे, वेदना आहे, चित्त आहे, धर्म आहेत, परमेश्वर नाही. साम्य दाखवताना हा फरक पुसला, तर तिघांवरही अन्याय होतो.

‘सजगता’, ‘जागरूकता’ हे शब्द वाईट नाहीत, पण त्यांत आठवण नाही. ‘स्मृती’त आठवण आहे, पण सामान्य वाचकाला ती भूतकाळात नेते. मला ‘भान’ हा शब्द जवळचा वाटतो. पाहुण्यांत निघालेल्या मुलाला आई म्हणते, “बोलताना भान ठेव.” ती त्याला समोरचे नुसते बघायला सांगत नाही. आपण कोण, कुठे आहोत, काय शिकलो, हे विसरू नकोस, असे तिला म्हणायचे असते. द्वारपालही भानावर असतो आणि तेलाचे भांडे नेणाराही. तरीसुद्धा मी ‘स्मृती’ सोडून देणार नाही. मूळ संज्ञा म्हणून ती राहू द्यावी आणि समजावताना ‘भान’ म्हणावे.

ध्यानाची पुस्तके आता मराठीत पुष्कळ मिळतात, शिबिरेही होतात. तिथे कुणी ‘फक्त श्वासाकडे पाहा’ म्हणाले, तर जरूर पाहावे. पण ‘फक्त’ हा शब्द मूळ सूत्रात आहे की नंतर कुणी घातला, एवढे विचारून घ्यावे. असा प्रश्न विचारल्याने श्रद्धेला बाध येत नाही. कोसंबींनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयुष्यभर असेच प्रश्न विचारले.