नाना शंकरशेठ आणि सत्तावनचा संशय

झाशीहून बोलतोय, म्हणजे सत्तावन आलंच. पण आज राणीसाहेब नाहीत, आज मुंबईचे जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ.

जन्म १८०३, मुरबाडचा. घरात पिढीजात व्यापार, मुंबईत मोठ्या जमिनी. हे वैभव कंपनीच्या राजवटीतच वाढलं. तरी नानांनी पैसा आणि वजन कुठे लावलं पाहा. १८४९ मध्ये मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली. रेल्वेसाठी पुढाकार घेतला. १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली. पुढे त्याच जीआयपी कंपनीचा कारभार आमच्या झाशीपर्यंत आला. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन काढून कारभारातले दोष थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडले.

जून १८५७ मध्ये झाशी पेटली. तिकडे मुंबईत नानांवरही बंडवाल्यांशी संबंध असल्याचा संशय आला. चौकशी झाली, पुरावा निघाला नाही.

मी आयुष्यभर फौजेत होतो, तरी सांगतो: इथे तलवार होती, तिथे अर्ज होता, आणि सरकारला धास्ती दोन्हींची होती. नानांकडे गमावण्यासारखं खूप होतं, वाडा, जमिनी, पत. तरी ते गप्प बसले नव्हते. पुढे त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं. १८६५ मध्ये ते गेले.

मुंबईत नाना चौकातून जाल तेव्हा लक्षात ठेवा, ते नाव यांचंच. जय हिंद.